त्रिकोण, गोल आणि अम्मी

सादिक मुकादमांनी एकदा ‘नाय’ म्हटलं की विषय खलास, हे मस्कतच्या हमरियातल्या त्यांच्या नळ-पाइपच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं. पण त्यांची एक खोड होती. ‘नाय’ म्हणण्याआधी त्यांना कडकडून वाद घालायला लागायचा, आणि समोरचा वादाला तगडा निघाला तर स्वारी इतकी रंगात यायची की नाही म्हणायचं राहूनच जायचं. त्यांच्या लेकीची, मुनिबाची, सगळी भिस्त या एका खोडीवर होती.

मुनिबा बावीस वर्षांची. जन्म मस्कतचा, शाळा मस्कतची, बीकॉम करून कुरुमच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघायची आणि रोज संध्याकाळी तिथून वैतागून घरी यायची. तिला पुण्याला एम.ए.ला मानवशास्त्रात जागा मिळाली होती. येणार की नाही, ते सोमवारच्या आत कळवायचं होतं. घरात तिने हे सांगितलं तेव्हा अब्बांचा घास हातातच राहिला.

“मानवशास्त्र? म्हणजे डॉक्टरकीचं काय?”

“नाही अब्बा. माणसं कशी राहतात, नाती कशी मानतात, लग्नं कशी करतात, म्हणजे ते सगळं... कल्चर.” मुनिबाचं मराठी असं मध्येच अडखळायचं.

“ते बघायला पुण्याला कशाला जायला पायजे? आपल्या बिल्डिंगीत दांडगं कल्चर आहे. खालच्या मजल्यावर तर रोज भांडणं होतात.”

हे झालं वरवरचं. खरी गोम वेगळीच होती. गावाला अब्बांचे थोरले भाऊ शरीफचाचा, त्यांचा मुलगा रेहान, दोहाला नोकरीला. मुलगा सरळ, निर्व्यसनी, हसतमुख. शरीफचाचांनी फोनवर अर्धंमुर्धं बोलून ठेवलं होतं आणि अब्बांना ते फार आवडलं होतं. घरातली मुलगी घरातच. यात मुनिबाने काय म्हणावं? रेहान तिला आवडत नव्हता असंही नाही. एकदा सुट्टीत मस्कतला आला असताना क्रिकेट खेळताना त्याने तिची खिडकी फोडली होती आणि पळून न जाता बेल वाजवून सांगितलं होतं, इतका तो चांगला होता. पण पुण्याचं नाव काढलं की ती हातातलं काम विसरायची आणि रेहानचं नाव काढलं की नाही विसरायची, आता याला कोण काय करणार!

“बरं,” शेवटी अब्बा म्हणाले, “तुझा तो शनिवारचा वाचनाचा काय तो गट आहे ना, तिथेच तुला हे खूळ लागलं. मला दाखव. बघतो आणि मग सांगतो. पण सांगीन ते शेवटचं.”

आणि अनोळखी घरात, बायामाणसांत एकट्याने जाणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी अम्मीलाही तयार व्हायला सांगितलं. अम्मीने, म्हणजे खुदेजाने, काही न बोलता सांदणांचा डबा भरला. कुणाच्याही घरी पहिल्यांदा जायचं तर ती हात हलवत जायची नाही.

---

गटाचं नाव ‘गुरुवार गट’ आणि भरायचा शनिवारी. सरकारने सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार केल्याला जेमतेम महिना झाला होता, आणि नाव बदलायचं कुणाच्या मनावर येत नव्हतं. जागा अल हैलची, पूर्वाताईंचा हॉल. पूर्वाताई लग्नाआधी पुण्यात कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्या, वर्षभर समुद्राकडे बघत बसल्या, मग म्हणाल्या, छे, हे आपल्याच्याने होणार नाही, आणि एक पांढरा फळा आणून हॉलमध्ये टांगला. त्यांचा दंडक एकच. कुठलाही सिद्धांत घ्या, आधी आपल्या घराला लावून बघा. पुस्तकातली दूरदूरची बेटं आणि जंगलं नंतर.

मुनिबाला या दंडकानेच वेड लावलं होतं. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी सांगितलं होतं की तू ज्या घरात जेवतेस, भांडतेस, झोपतेस, तेही एक कोडं आहे. त्या दिवसापासून ती कुठल्याही लग्नात गेली की जेवणाऐवजी कोण कुणाच्या बाजूला बसलंय ते बघायची.

तिने पूर्वाताईंना आधीच फोन करून विनवलं होतं. “ताई, प्लीज, या शनिवारी लग्न नको. काहीही घ्या. भेटवस्तू घ्या, जादूटोणा घ्या. फक्त लग्न नको.”

“अगं, तयारी अजिंक्यची आहे. सांगते त्याला.”

अजिंक्य बँकेत होता, पंचवीस-सव्वीसचा, आणि वाचलेलं सगळं त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं नाही तर त्याला झोप लागायची नाही. पूर्वाताईंनी त्याला सांगितलं का, आणि सांगितलं तर त्याने ऐकलं का, देव जाणे. मुनिबा अब्बा-अम्मीला घेऊन हॉलमध्ये शिरली तेव्हा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘लग्न म्हणजे बायकांची देवाणघेवाण?’

अब्बांनी चष्मा पुसला, परत घातला आणि पुन्हा वाचलं.

“बसा ना सादिकभाई,” बाळकृष्ण म्हणाले. लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर, गाव गुहागरकडचं, गटातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात जोरात हसणारे. “भाभी, तुम्ही इथे पंख्याखाली बसा. सांदणं आणलीत काय? आता वाचनबिचन राहू द्या!”

“थांबा वो,” अब्बा म्हणाले. त्यांचं बोट फळ्याकडे होतं. “हे काय लिवलंय ते आधी सांगा. बायका म्हणजे काय मापाचे नळ आहेत, बदलून द्यायला?”

झालं! मुनिबाने डोळे मिटून घेतले. पण अजिंक्यचा चेहरा असा फुलला की विचारू नका. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या पहिल्याच वाक्याला आडवं आलं होतं.

“काका, हाच प्रश्न! अगदी हाच! बघा, एक मोठी विचारपरंपरा म्हणते की समाज उभा राहतो तो देण्याघेण्यावर. एका कुळाने आपली मुलगी दुसऱ्या कुळाला द्यायची, त्यांच्याकडून सून आणायची. आपल्यातल्या आपल्यात लग्न करायचं नाही, हा नियम म्हणजे ‘बाहेर द्या’ हा हुकूम. दिलं की सोयरीक. सोयरीक झाली की भांडण मिटलं. मुलगी गेली नाही तर दोन घरं एकमेकांना अनोळखीच राहतील.”

“आणि दुसरी परंपरा?” अब्बांनी विचारलं. लेकीला बापाचा आवाज ओळखता येतो. स्वारी रंगात यायला लागली होती.

“दुसरी म्हणते,” पूर्वाताई मध्ये आल्या, “की देणंघेणं दुय्यम. खरा आधार वंश. एका पूर्वजाची सगळी लेकरं, त्यांची जमीन, त्यांची अब्रू, त्यांचं एकत्र राहणं. समाज टिकतो तो या भाऊबंदांच्या गाठीवर.”

“ही दुसरी बरोबर आहे,” अब्बा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून फळ्याच्या समोर बसले. “पुढे बोला.”

मुनिबाने एक डोळा उघडला.

मग दंडकाप्रमाणे घरं फळ्यावर चढायला लागली. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल, लग्न म्हणजे दोघांमध्ये दोन आडव्या रेघा, आणि बाई या घरातून त्या घरात गेली की एक बाण. पहिलं घर बाळकृष्णांचं. त्यांची बायको मैना ही त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. बाळकृष्णांच्या आईचा बाण मामाच्या घरातून आला होता, त्याच वाटेने मैनाचाही आला. दोन पिढ्यांत दोन बाण, एकामागोमाग. अजिंक्य नाचायचाच बाकी राहिला. “दिसतंय का! मामाच्या घराने दोनदा दिलं!”

“आमच्यात मामाची मुलगी म्हणजे हक्काची,” बाळकृष्ण छाती फुगवून म्हणाले. “चुलत मात्र नाही हो. चुलत बहीण म्हणजे बहीणच. राखी बांधते ती.”

“आणि मामेबहीण बांधत नव्हती?” अब्बांनी विचारलं.

“लहानपणी... बांधायची.”

“मग?”

“मग मोठ्यांनी बंद करायला लावलं.”

हॉलमध्ये असा काही हशा पिकला की पूर्वाताईंच्या हातातला चहाचा ट्रे हिंदकळला. बाळकृष्ण स्वतःच डोळे पुसत होते. “आईशप्पथ, तीस वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं!”

“आमच्यात दोन्ही चालत नाही,” अजिंक्य म्हणाला. “मामेबहीण नाही, चुलत तर नाहीच, सगोत्र पण नाही.”

“मग तुमच्यात चालतं कोण रे बाबा?” अब्बांनी विचारलं.

“अनोळखी माणूस. माझं जिच्याशी ठरलंय तिला मी तीनदा भेटलोय.”

“या अल्ला!” अब्बांना खरोखर त्या पोराची दया आली. मग ते उभे राहिले, पूर्वाताईंकडून मार्कर मागून घेतला आणि म्हणाले, “आता माझं घर बघा. तुमचा तो देणंघेणंवाला कुठे तोंड लपवतो ते बघतो मी.”

मुनिबाला एकदम हसू, भीती आणि अभिमान असं सगळं बरोबरच झालं. नळांच्या दुकानात चाळीस वर्षं उभं राहिलेला तिचा बाप पांढऱ्या फळ्यासमोर त्रिकोण काढत होता! आणि काढत होता चुकीचे, खाली टोक वर पाया, पण काय तो आवेश.

“हा माझा आजा. त्याला दोन मुलगे. हा माझा बाप, हा माझा चाचा. बापाला मी आणि शरीफभाई. चाचाला ही.” त्यांनी एक गोल काढला. “खुदेजा. माझी चुलत बहीण. माझी बायको. आता काढ तुझा बाण. कुठल्या घरातून कुठल्या घरात? एकच आजा, एकच अंगण, समोरासमोर दोन दारं. कुणी दिली? कुणाला दिली? बोल!”

अजिंक्य फळ्यापाशी आला. त्याने हात वर नेला, खाली आणला. खरंच, बाण कुठे काढायचा? मुलगी घराबाहेर गेलीच नव्हती. मुनिबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. पुस्तकातलं एवढं मोठं मांडलेलं सगळं, आणि त्यात बसत नाही ते कोण? आपण! आमचं घर! तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता पुण्याला जावं आणि पहिल्या बाकावर बसून विचारावं.

“अरे, हे फार जुनं भांडण आहे,” पूर्वाताईंचे डोळे चमकत होते. “याच लग्नावर पंडितांनी किती कागद खर्ची घातलेत! देण्याघेण्याच्या सिद्धांताला हे लग्न पचतच नाही.”

“पचणार कसं?” अब्बा आता पुरते सुटले होते. “मी सांगतो ना. आमच्या लग्नाची गंमत ऐका. गाडी सजवली होती. मोगरा, जरी, सगळं. आता गाडी सजवली तर नवरीला बसवून न्यायला पायजे. पण न्यायची कुठं? दार तर समोरच! मग काय केलं, गाडीत बसवलं, मोहल्ल्यातून काढलं, बाजारातून फिरवलं, खाडीपर्यंत नेलं आणि परत आणून त्याच अंगणात उतरवलं!”

बाळकृष्णांनी मांडीवर थाप मारली. अजिंक्य खुर्चीत वाकडा झाला. मुनिबाने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, दर वेळी हसली होती, आणि आताही हसली.

“म्हणून म्हणतो,” अब्बांनी मार्करचं टोपण लावलं. “आमच्यात मुलगी परकी होत नाय. रडारड नाय, ताटातूट नाय. हे तुमच्या सिद्धांतापेक्षा भारी आहे. आणि हे शिकायला कुणाला पुण्याला जायची गरज नाय.”

खळकन काहीतरी फुटावं तसं मुनिबाचं हसू गेलं. आलं लक्षात! अब्बा वाद जिंकत होते. जिंकले की घरी जाताना गाडीतच सांगणार, ‘बघितलं तुझं मानवशास्त्र, आता रेहानचं बोलू’. आणि सांगीन ते शेवटचं, असं ते आधीच बोलून बसले होते. काहीतरी बोलायला हवं होतं, पण काय? तिने फळ्याकडे बघितलं. त्रिकोण, त्रिकोण, त्रिकोण, आणि खाली एका कडेला तो गोल. मग तिने पंख्याखालच्या खुर्चीकडे बघितलं. अम्मी हसत नव्हती.

तासभर चार माणसं त्या गोलाबद्दल बोलत होती. गोल इथे हॉलमध्येच बसला होता. आणि त्याला कुणी, मुनिबाने सुद्धा, एक अक्षर विचारलं नव्हतं!

“अब्बा, मार्कर द्या,” ती म्हणाली. मार्कर घेऊन ती अम्मीपाशी गेली आणि खाली गुडघ्यावर बसली. “अम्मी, तू सांग. बाण कुठून कुठे?”

“मला काय कळतंय त्यातलं, गो.”

“तुलाच कळणार. तू गेलीस ना. की नाही गेलीस?”

खुदेजाने नवऱ्याकडे बघितलं, मग फळ्याकडे. मार्कर तिने हातात घेतला नाही.

“ही गाडीची गोष्ट हे सगळ्यांना सांगतात,” ती म्हणाली. “लोक हसतात. मीपण हसते. पण त्या दिवशी गाडी खाडीवर पोचली ना, तेव्हा माझ्या मनात आलं, आता ही परत नाय वळली तर किती बरं होईल.”



“तसं नाय वो,” ती अब्बांना म्हणाली. “तुम्ही चांगले. तुमच्याबद्दल कधी माझी तक्रार नाय. पण आमच्या रुखसतीला, पाठवणीला म्हणा, बाई रडते. आईच्या गळ्यात पडते. माझी आई समोरच्या ओट्यावर उभी होती. मी रडायला लागले तर सगळ्या बाया हसल्या. म्हणाल्या, अगो, रडतेस कशाला, चल, संध्याकाळी चहाला ये. मी गप्प झाले. मग मस्कतला येईपर्यंत तिथेच राहिले. सासूशी खटका उडाला, सगळ्यांचाच उडतो, तर मी रुसून जायचं कुठे? या दारातून त्या दारात? सासूला माझी पाठ दिसायची. आणि आई मला बघून तांदूळ निवडायला लागायची, कारण सासू म्हणजे तिची जाऊ. तिने मला आत घेतलं असतं तर तिलाच त्या अंगणात राहायचं होतं ना. मैनाभाभी माहेरी जात असेल. बाकीच्या सगळ्या जातात. दोन दिवस, चार दिवस, पाय पसरून बसतात. मला माहेरच नव्हतं. ते त्याच अंगणात होतं आणि मला जाता येत नव्हतं.”

“खुदेजा,” अब्बा म्हणाले, “कधी बोलली नाहीस तू.”

“कोणी विचारलं? आज या पोरीने विचारलं.”

अजिंक्य वहीत लिहायला गेला आणि पूर्वाताईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. बाळकृष्ण खाली बघत होते. मुनिबाला वाटत होतं, आपण हे काय केलं. पण अम्मीचं झालं नव्हतं. अम्मी आता ताठ बसली होती आणि तिच्या आवाजात मुनिबाने कधी न ऐकलेलं काहीतरी आलं होतं.

“रेहान चांगला आहे,” ती म्हणाली. “हिराच आहे पोरगा. उद्या हिने स्वतः सांगितलं की मला रेहानच पायजे, तर मी बिर्याणी करीन. पण शरीफभाईचं घर म्हणजे तेच अंगण, वो. तीच दोन दारं. तिथं गेली की ती माझ्याकडे कधी येणार नाय, कारण आपण तिच्या सासरचेच होणार. तिला जाऊ दे पुण्याला. हॉस्टेलला राहू दे, खाणं वाईट असू दे, कुणाशी भांडू दे. मग वैतागून बॅग भरेल आणि माझ्याकडे येईल. मी दार उघडीन. कोण काय म्हणेल याचा विचार न करता उघडीन. मला माहेर मिळालं नाय. निदान कुणाचं तरी माहेर होऊ दे मला.”

सादिक मुकादम चाळीस वर्षं वाद घालत आले होते. त्यांनी फळ्यावरच्या आपल्या उलट्या त्रिकोणांकडे बघितलं. मग उठले, बायकोच्या बाजूची खुर्ची ओढून बसले आणि लेकीकडे न बघताच म्हणाले, “सोमवार कशाला, आजच कळव त्यांना. होय म्हणून.”

मुनिबा किंचाळलीच! तिने अब्बांना मिठी मारली, मग पूर्वाताईंना, मग चुकून अजिंक्यला मारता मारता थांबली, आणि बाळकृष्णांनी “यल्ला, चला, आता सांदणं काढा!” अशी आरोळी ठोकली. अजिंक्य एकीकडे ओरडत होता की आपल्या पुस्तकातल्या दोन्ही परंपरा आज पडल्या, दोन्ही, कारण बाई कुठे परत येऊ शकते हे त्यांनी बघितलंच नाही. पूर्वाताई म्हणत होत्या की तुझा विषय ठरला मुली, एम.ए.चा विषय ठरला. सगळे एकदम बोलत होते.

या सगळ्या गलक्यात खुदेजा रडायला लागली. आधी पदराआड, मग पदर बाजूला टाकून, मोठ्याने, हमसून हमसून. मुनिबा धावली. पूर्वाताईंनी पाणी आणलं.

“अगो, रडतेस कशाला,” अब्बा घाबरून म्हणाले. “ऑगस्टात जायची आहे ती. अजून किती दिवस आहेत.”

“गप बसा वो जरा,” खुदेजा म्हणाली आणि तिने लेकीला गळ्याशी घट्ट ओढून घेतलं. “आज मला कुणी हसू नका. रडू द्या मला.”

आणि कुणीही हसलं नाही.